आमची वाटचाल: एका शेडची वाटणी

आमचं मशीन शॉप १९९८ साली एका जुन्या एचएमटी एनएच २२ लेथवर सुरू झालं. गोकुळ शिरगावात भाड्याचं शेड, फौंड्रीतून आलेली कास्टिंग (ओतीव नग) मशीनिंग करून परत पाठवायची, निव्वळ जॉबवर्क. नवरा-बायको दोघंच भागीदार, निम्मे-निम्मे. पुढची वीस वर्षं मशिनं वाढली, माणसं अकरा झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते सप्टेंबर २०१८ ते जानेवारी २०२० या सोळा महिन्यांचं. घटस्फोट घराचा, पण मोजदाद झाली ती शॉपची. घरातलं इथे लिहिणार नाही.

घटस्फोट झाला की धंदा आपोआप निम्मा होतो, हा समज एमआयडीसीत फार पसरलाय. तसं नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ फक्त लग्नाच्या सुमारास दोघांना मिळालेल्या सामाईक वस्तूंपुरतं आहे. बाकी कलम २५ खाली पोटगी ठरते. आमच्याकडे निम्मं-निम्मं झालं ते भागीदारीच्या करारामुळे. धंदा नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असता तर वीस वर्षं हिशेब लिहिणाऱ्या बायकोला शॉपमध्ये हिस्सा मागता आला नसता, फक्त पोटगीत त्या कष्टांचा विचार झाला असता. गोव्यात मात्र वेगळं आहे. तिथल्या नागरी कायद्याने लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक धरतात. त्यामुळे पणजीच्या पाहुण्यांचा सल्ला कोल्हापुरात चालत नाही.

पहिला अहवाल समोरच्या बाजूने, म्हणजे नवऱ्याने, आणलेल्या मूल्यांकनकारांनी केला. त्यांनी धंद्याची किंमत ८५.३ लाख काढली. आम्ही अहवाल तीन रात्री वाचला. बेरीज बरोबर होती, मोजणी चुकली होती.

शेडमध्ये पडलेली प्रत्येक वस्तू त्यांनी आमची धरली. माल म्हणून १४ लाख लिहिले. त्यातले ९.२ लाख फौंड्रीच्या कास्टिंगचे, म्हणजे चलनावर (मालासोबतच्या कागदावर) आलेले आणि चलनावर परत जाणारे. आणखी १.८ लाखांची फिक्स्चर (नग धरायची साधनं) आणि प्लग गेज (भोक तपासायची मापं), तीही गिऱ्हाइकाचीच. आमचं खरं उरतं ते इन्सर्ट (टूलची बदलायची पाती), होल्डर, कटिंग ऑइल आणि स्क्रॅप धरून ३ लाख. हे सिद्ध करायला इनवर्ड चलनांची बुकं कामाला आली, प्रत्येक पानावर कास्टिंगचा नंबर आणि नग. ज्यांची चलन बुकं महिनाअखेरीला एकदम लिहिली जातात त्यांनी ती सवय आजच सोडावी.

येणं १८.५ लाख दाखवलं होतं. त्यातले ४.१ लाख वर्षापेक्षा जुने. नव्वद दिवसांपुढचं येणं बँकसुद्धा ड्रॉइंग पॉवरमध्ये (कर्ज उचलायच्या मर्यादेत) धरत नाही, मग वाटणीत पूर्ण कसं धरायचं? आणि ग्रॅच्युइटी कुठेच नव्हती. अकरा कामगार, सरासरी ८ वर्षं नोकरी, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून सरासरी १२,००० रुपये. पगाराला २६ ने भागून १५ ने गुणायचं आणि पुन्हा वर्षांनी गुणायचं. ६.१ लाख होतात. ताळेबंदात ती रक्कम दिसत नाही, पण ज्याच्या हातात शॉप राहील त्यालाच ती द्यावी लागते.

मशिनांबद्दल मात्र त्यांचं चुकलं नव्हतं. पुस्तकी किंमत ११.४ लाख होती आणि ती निरुपयोगीच असते. २० लाखांचं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) दरवर्षी १५ टक्के घसाऱ्याने दहा वर्षांनी पुस्तकात ३.९४ लाखांवर येतं, पण स्पिंडल ठीक असेल तर ते त्या दराने कोणी देत नाही. डायल लावून बॉलस्क्रूचा बॅकलॅश (ढिलेपणा) बघायचा, टेस्ट बार लावून रनआउट (फिरण्यातला वाकडेपणा) बघायचा, कंट्रोलरचे कार्ड बाजारात मिळतात का ते विचारायचं. एवढं झाल्यावरच किंमत. चालू शॉपमधली मशिनं म्हणून ३१ लाख धरले, ते आम्हीही मान्य केले. लिलावात २१ पेक्षा जास्त आले नसते, पण शॉप बंद करायचं नव्हतं.

आता हिशेब. मशिनं ३१, माल ३, येणं १४.४, बँकेतलं आणि ठेवी १.२, एकूण ४९.६ लाख. वजा सीसी (बँकेचं कॅश क्रेडिट) १२, मुदत कर्ज ७.६, देणी ४.८, ग्रॅच्युइटी ६.१. उरतात १९.१ लाख. पहिल्या अहवालात हाच आकडा ४०.३ होता.

उरलेले ४५ लाख त्यांनी गुडविलचे, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाचे, लावले होते, सरासरी नफा १५ लाख गुणिले तीन! हा नफा दोघांच्या राबण्याचा होता. त्यातून जुनं मशीन विकल्याचा एक लाख काढा, कारण तो पुन्हा येणार नाही. राहिले १४. आम्हा दोघांच्या जागी पगारी माणसं ठेवायची तर प्रत्येकी ४.२ लाख, म्हणजे ८.४ वजा. राहिले ५.६. गुंतलेल्या १९.१ लाखांवर १५ टक्के परतावा वजा केला की जादा नफा २.७ लाखांच्या आसपास. दोन वर्षांचा धरला तर गुडविल ५.४७ लाख. एकूण २४.५७, निम्मे १२.२८ लाख. दुसऱ्या, नोंदणीकृत मूल्यांकनकारांनी हाच आकडा दिला. गुणक दोन का, तीन का नाही, यावर वाद झाला. साठ टक्के काम एकाच फौंड्रीचं असलेल्या शॉपला तीन कोण देईल?

हा घोळ चालू असताना समोरून बँकेला पत्र गेलं आणि सीसी गोठलं. एकेचाळीस दिवस. भागीदारांत वाद आहे असं एका भागीदाराने कळवलं की बँक दोघांच्या सहीशिवाय पैसे सोडत नाही, मागचा करार काहीही असो. इन्सर्टचा पुरवठादार उधारी बंद करून बसला. तेव्हा शिरोलीच्या फौंड्रीचे आण्णा स्वतः शेडवर आले. म्हणाले, "ताई, कास्टिंग परत नेऊ का, की तुम्ही चालवताय?" चालवतोय म्हटल्यावर इन्सर्ट त्यांनी आपल्या खात्यावर घेतले, महावितरणचं बिल परस्पर भरलं आणि दोन्ही आमच्या जॉबवर्कच्या बिलात वळते केले. पगार अर्धे झाले, पण मशीन एक दिवस थांबलं नाही.

शेवटी परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जासोबत नवऱ्याच्या भागीदारीतून निवृत्तीचा करार जोडला. इथे एक गोम आहे. दोनच भागीदार असतील आणि एक गेला तर फर्मच संपते. पॅन, जीएसटी नोंदणी, बँक खातं सगळं नव्याने. म्हणून त्याच करारात भाऊ १० टक्क्यांनी आत आला. मग रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंद, राजपत्रात आणि मराठी दैनिकात जाहीर सूचना, जीएसटीत १५ दिवसांत दुरुस्ती. कर्जासाठी दिलेली वैयक्तिक हमी मात्र न्यायालयाच्या आदेशाने सुटत नाही. ती बँकेकडून लेखी सोडवून घ्यावी लागते, आणि आमच्या बँकेने त्यासाठी चार महिने घेतले. निघून गेलेल्या भागीदाराचा हिस्सा वापरून धंदा चालू ठेवला तर भागीदारी कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे तो नफ्यातला वाटा किंवा सहा टक्के व्याज मागू शकतो. सोळा महिन्यांचे ९८ हजार तसे गेले. आज हे करणाऱ्यांनी आधी आयकर बघावा. २०२१ च्या वित्त कायद्यापासून निवृत्त भागीदाराला त्याच्या भांडवली खात्यापेक्षा जास्त दिलं तर त्या फरकाचा कर फर्मवर येतो. आमचं त्याआधी उरकलं. ज्यांचा स्वतःचा एमआयडीसी प्लॉट आहे त्यांना वर हस्तांतरणाची परवानगी आणि फरकाचं अधिमूल्य (एमआयडीसीला भरायची रक्कम).

आणि आमची चूक. गुडविलचे २.७३ लाख मोजून दिले, पण बदल्यात काय मिळतं ते वाचलं नाही. भागीदारी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे गेलेल्या भागीदाराला स्पर्धेचा धंदा करता येतो. फर्मचं नाव वापरता येत नाही आणि जुन्या गिऱ्हाइकांकडे काम मागता येत नाही. ठराविक मुदत किंवा ठराविक भाग घालून, वाजवी असेल तर, स्पर्धाबंदी करारात लिहिता येते. आम्ही लिहिली नाही. सहा महिन्यांत कागलकडे नवीन शॉप उभं राहिलं, आमचे दोन सेटर (मशीन लावून देणारे कामगार) तिकडे गेले. गुडविल आम्ही विकत घेतलं आणि ते चालत तिकडे गेलं.

भावाबरोबरच्या नव्या करारात मूल्यांकनाची रीत, गुणक, तारीख आणि स्पर्धाबंदी तीन वर्षं, पंचवीस किलोमीटर असं सगळं लिहिलंय. भाऊ असला तरी. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक फिक्स्चरला पिवळा रंग आणि पंचने मारलेला नंबर.

कागलच्या शॉपची कोटेशनं आण्णांकडे जातात, हे आम्हाला माहीत आहे. आण्णा ती कधी दाखवत नाहीत. पुढच्या लॉटला नगामागे किती रुपये कमी करा म्हणतात, त्यावरून दर आम्हाला कळतो.