पातेलं क्र. ४ : रश्श्याचं पाणी करणारा चोर सापडला

सापडला! गेल्या तीन नोंदींत ज्याच्या नावानं मी बोटं मोडत होतो तो मैदा नव्हता, लोणी नव्हतं आणि आमच्या घरची बिचारी शेगडीही नव्हती.

रविवारी चौथं पातेलं चढवलं. बेत जुनाच, टोकियोतल्या जिंबोचोच्या 'बोंडी' या करीच्या हॉटेलातला जपानी करीचा रस्सा घरी जमवायचा. गडद, लोण्याळ, चमच्यावरून आळसावून उतरणारा. खोक्यातल्या तयार करीच्या वड्या मी आता घेत नाही हे तुम्ही जाणताच, बहुतेकींत गाईची नाहीतर डुकराची चरबी असते. म्हणून ५० ग्रॅम लोणी, ५० ग्रॅम मैदा, मंद आचेवर पंचवीस मिनिटं, आणि उतरवता उतरवता एस अँड बीच्या लाल डब्यातली करी पूड. (मध्यंतरी टोकियोतल्याच निशी-कासाईतल्या देशी दुकानातून धणे-मेथ्या आणून स्वतः पूड केली होती. घरभर कोल्हापूर दरवळलं, ताटात जपान काही उतरलं नाही. त्या डब्यापुढे हात टेकले.)

रात्री दहाला रस्सा असा की पळी उभी राहावी. झाकला, निववला, फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी झाकण काढलं तर आमटी! चवीला फर्मास, पण आमटी. सलग चौथ्यांदा.

दुसऱ्या पातेल्याला मैदा बदलला होता, तिसऱ्याला कांद्याचं पाणी पार आटवलं होतं. रू (लोण्यात भाजलेला मैदा) जास्त भाजला की त्याचा दाटपणा कमी होतो, म्हणून या खेपेला रंगही एक छटा अलीकडे थांबवला. सगळं फुकट. ओट्याशी तोंड पाडून उभा होतो, तेवढ्यात फळीवरच्या वर्माँट करीच्या, म्हणजे त्याच तयार वड्यांच्या, जुन्या रिकाम्या खोक्याकडे लक्ष गेलं. त्यावर सफरचंद आणि मध. १९६३ पासून हीच त्यांची ओळख, आणि शेवटी चमचाभर मध घालायची माझी कल्पनाही तिथूनच उचललेली. रस्सा जरा निवला की वरून मध, छान चकाकी येते. चारही पातेल्यांत न बदललेली गोष्ट ही एवढीच!

मग प्रयोग मांडला. बिनमधाचा ताजा रू पातळ करून उकळला, कोमट झाल्यावर तीन स्टीलच्या वाट्यांत ओतला. पहिलीत काही नाही. दुसरीत अर्धा चमचा मध. तिसरीत मी चाटलेला चमचा फिरवला (हसू नका). तीन तासांनी पहिली वाटी आडवी केली तर पिठल्यासारखी ढिम्म. मधाची वाटी खळकन सांडली, टेबलक्लॉथ गेला. तिसरी मधोमध सैल, कडेला घट्ट.

कारण एकच, अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम). मधात ते असतं आणि आपल्या लाळेतही. ते पिष्टाचे तुकडे पाडतं आणि दाटपणा मोडतो. कडकडीत उकळलं की त्याचा जोर संपतो, म्हणून मध रूच्या आधी घालून वीसेक मिनिटं रटरटू द्यायचा. माझी चूक दुहेरी होती. मध शेवटी घातला, वर कोमट रश्श्यात दर पाच मिनिटांनी तोच चमचा बुडवून चव बघितली. आजी उष्टा चमचा भांड्यात घालू द्यायची नाही, तेव्हा वाटायचं सोवळं आहे.

आता ताटांकडे. मंगळवारी पुन्हा बोंडी, मापं पडताळायला. जुन्या पुस्तकांच्या इमारतीचा दुसरा मजला, मागच्या बाजूनं वर जायचं. आधी उकडलेले बटाटे आणि लोणी, मग भातावर चीज भुरभुरलेलं. मी चिकन घेतलं. बटाटा पातेल्यात न टाकता वेगळा का देतात यावर मागे इथं वाद झाला होता. माझा तर्क असा की विरघळणाऱ्या बटाट्यानं रश्श्याचा पोत बिघडू नये म्हणून. घरी मीही आता तेच करणार.

करीच्या दुकानांत खाऊन शिक्के जमवायच्या स्टॅम्प रॅलीतलं एक दुकानही उरकलं. नाव घेत नाही. कात्सु (तळलेलं कटलेट) कालचा, फुकुजिनझुके हे करीसोबतचं लोणचं मात्र मुक्त हस्तानं. शिक्का मिळाला, बस.

शनिवारी क्योएइदो हे करीचं दुकान, आणि इथंच माझी गाडी रुळ बदलते आहे. १९२४ पासूनचं, सुमात्रा धाटणीची करी, जवळजवळ काळी, आणि तिच्यात पीठच नाही! पहिल्या घासाला कडवटपणा, मग मसाला सावकाश चढत जातो. थंडीत गेलात तर भाजलेलं सफरचंद सोडू नका. खाता खाता वाटलं, मी मैद्याच्या मागे एवढा का लागलोय? १९२७ साली टोकियोतल्या शिंजुकूच्या नाकामुराया या दुकानात रासबिहारी बोस यांची करी आली तीही इथल्या पिठाळ इंग्रजी वळणाला कंटाळूनच. शंभर वर्षांपूर्वीच बंगाली माणसानं सोडवलेलं कोडं मी वाट्यांत घोळवत बसलोय.

तेव्हा पाचव्या पातेल्यात बोंडी नाही. आधी बिनपिठाचं, भाज्या विरघळवून. मिक्सरमधून काढू की चाळणीतून घासू? हँडमिक्सरनं फेस येतो आणि रंग फिका पडतो, म्हणून मन चाळणीकडे झुकतंय. सप्पोरोकर मंडळी, तुमच्या सूप करीवाल्यांची (सुपासारखी पातळ करी) युक्ती असेल तर सांगा, तिकडे दाटपणाची कटकटच नाही. लिहिता लिहिता फेब्रुवारीतली विमानाची तिकिटं बघतोय, घरी अजून बोललो नाही.

चौथ्या पातेल्यातला रस्सा दोघांपुरता उरलाय. भातावर तो टिकत नाही, म्हणून कात्सुओ-कोम्बूचा (सुकवलेला मासा आणि समुद्री शेवाळ) दाशी, म्हणजे जपानी सार, घालून आणखी सैल केला आणि उदोन (जाड नूडल्स) सोडले. बायको म्हणाली, आजवरच्या चारांत हेच बरं झालंय.