ब्रसेल्सच्या हवेचे विरजण

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी चार वाजता, ब्रसेल्सच्या ग्रां-प्लास चौकापासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर, विटांच्या कमानी असलेल्या एका तळघरात आम्ही अकरा प्रवासी एका लांब लाकडी टेबलाभोवती बसलो होतो. प्रत्येकासमोर पाण्याचा पेला, पावाची छोटी टोपली आणि एकमेकांशी अजिबात न जुळणाऱ्या आकारांचे पाच रिकामे ग्लास मांडून ठेवले होते. माझा भाचा ल्यूव्हेनला शिकतो. त्यानेच महिनाभर आधी, बेल्जियन बिअर आणि तिच्याबरोबरचे खाणे चाखण्याच्या या कार्यक्रमात आमच्या दोन जागा राखून ठेवल्या होत्या. "मावशी, तू स्वयंपाकावर इतके लिहितेस, मग इथे नुसते वॉफल खाऊन परत जाऊ नकोस," असे त्याचे म्हणणे होते. मी मासे खाते, गोमांस खात नाही, हे त्याने आधीच कळवले होते आणि त्या संध्याकाळी ते काटेकोरपणे पाळले गेले.

आपल्याकडे दारूबरोबर जे खातात त्याला चकणा म्हणतात. चकणा म्हणजे शेंगदाणे, फरसाण, काकडीच्या चकत्या असे काहीतरी खारट, तिखट आणि हाताशी येईल ते. तो बदलला तरी पिणाऱ्याचे काही अडत नाही. या तळघरात मात्र सगळा हिशेब वेगळा होता. आमच्या मार्गदर्शक बाई फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागातल्या होत्या, पन्नाशीच्या, अतिशय नेमके बोलणाऱ्या. त्यांनी सुरुवातीलाच नियम सांगितला: आधी वास घ्यायचा, मग एक घोट, मग एक घास, मग पुन्हा एक घोट, आणि पहिल्या व दुसऱ्या घोटात काय फरक पडला एवढेच बोलायचे. वाइनच्या चवपरीक्षेत घोट थुंकून टाकतात, येथे तसे करायचे नाही, कारण बिअरचा कडूपणा घोट गिळल्यानंतरच पुरता कळतो, असेही त्यांनी सांगितले. पुरणपोळीला कटाची आमटी आणि माशाच्या जेवणाला सोलकढी लागते हे ज्यांना कुणी शिकवावे लागले नाही, त्यांना ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या शब्दांत सांगायचे तर येथे बिअर हेच तोंडीलावणे होते.

पहिली होती हूगार्डन गावची गव्हाची बिअर, जिला तिकडे वितबिअर, म्हणजे पांढरी बिअर म्हणतात. जाड काचेच्या षटकोनी ग्लासात ती ओतली तेव्हा ताकाच्या निवळीसारखी धुरकट दिसत होती. हा प्रकार विसाव्या शतकाच्या मध्यास त्या गावातून नामशेष झाला होता. पिएर सेलिस या दूधवाल्याने 1960च्या दशकात तो पुन्हा सुरू केला. त्यात संत्र्याची वाळलेली साल घालतात आणि धनेही घालतात. टेबलावरच्या इतरांना तो वास ओळखायला थोडा वेळ लागला. मला आणि भाच्याला लागला नाही, कारण ज्याच्या घरात मसाल्यासाठी धने भाजले जातात त्याच्या नाकाला तो वास वेगळा सांगावा लागत नाही. सोबत उत्तर समुद्रातल्या लहान करड्या कोळंबीचे क्रोकेट होते, बाहेरून कुरकुरीत आणि आत दाट दुधाळ सारण असलेले, बाजूला तळलेली पार्सली आणि लिंबाची फोड. ऑस्टडाउनकर्के या किनाऱ्यावरच्या गावातले कोळी अजूनही घोड्यावर बसून उथळ समुद्रात जाळे ओढत ही कोळंबी पकडतात, आणि त्या पद्धतीची 2013 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली आहे. बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला ते स्थान तीन वर्षांनी, 2016 मध्ये मिळाले. लिंबू न पिळताच क्रोकेटचा घास घेऊन दुसरा घोट घेतला, तेव्हा लिंबाचे काम बिअरने केले आणि तळणीचा तेलकटपणा जिभेवरून नाहीसा झाला.

दुसऱ्या ग्लासात वेस्टमाल ट्रिपेल आली. रंग जुन्या तुपासारखा सोनेरी, फेस दाट आणि ताकद साडेनऊ टक्के. ही ट्रॅपिस्ट बिअर आहे, म्हणजे ती मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली तयार होते आणि तिच्या उत्पन्नातून मठाचा खर्च भागल्यावर उरलेला पैसा दानधर्माकडे जातो. बेल्जियममध्ये सध्या पाच ठिकाणच्या बिअरना ही ओळख आहे: वेस्टमाल, वेस्टव्लेटेरेन, शिमे, ऑर्वाल आणि रोशफोर. बिअर इतकी कडक का, या कुणाच्या तरी प्रश्नावर बाईंनी 1919 सालच्या कायद्याची हकीकत सांगितली. एमिल व्हान्डरवेल्डे या समाजवादी मंत्र्याच्या पुढाकाराने झालेल्या त्या कायद्याने कॅफेंमध्ये जिनसारखी ऊर्ध्वपातित दारू देण्यास बंदी केली, आणि कडक पेयाची सवय असलेल्या गिऱ्हाइकांसाठी बिअरच अधिकाधिक कडक होत गेली. ती बंदी 1983 पर्यंत टिकली. ट्रिपेलबरोबर पांढरा ॲस्परॅगस होता, लोण्यात चुरडलेले उकडलेले अंडे आणि पार्सली घातलेला, फ्लेमिश पद्धतीचा. हा मोसमच त्याचा. चव चांगली होती, जोडीही बरोबर होती, पण माझे लक्ष खरे तर पुढच्या बाटलीकडे लागले होते.

त्याला कारण त्याच दिवशीची सकाळ होती. आम्ही दोघे मिदी स्थानकावरून दहा मिनिटे चालत आंदरलेख्त भागातल्या कांतियों या ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात गेलो होतो. 1900 साली सुरू झालेली ही ब्रुअरी 1978 पासून संग्रहालय म्हणूनही खुली आहे. तेथे लॅम्बिक ही आंबट बिअर तयार होते. साधारण दोन भाग मोड आणून वाळवलेले जव आणि एक भाग मोड न आणलेला गहू गरम पाण्यात भिजवून त्याचे गोड पाणी काढतात. ते मुद्दाम जुने करून कडूपणा घालवलेल्या हॉप्सबरोबर, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांबरोबर, तासन्‌तास उकळतात आणि मग माळ्यावरच्या एका भल्यामोठ्या, उथळ तांब्याच्या परातीत सोडतात. परात हाच शब्द मला सुचला आणि तोच योग्य आहे. उंची जेमतेम गुडघ्याएवढी आणि पसारा एका खोलीएवढा. छपराच्या झडपा उघड्या ठेवून ते पाणी रात्रभर निवू देतात. यीस्ट घालत नाहीत. सेन नदीच्या खोऱ्यातल्या हवेत आणि त्या इमारतीच्या लाकडात जे सूक्ष्म जीव आहेत ते रात्रीतून त्या पाण्यावर उतरतात आणि सकाळी ते ओकच्या पिंपांत भरले की आंबणे सुरू होते. त्यांतल्या एका यीस्टच्या शास्त्रीय नावातच ब्रसेल्स आहे: ब्रेटानोमायसेस ब्रुक्सेलेन्सिस. स्वतः सेन नदी आता शहराच्या मध्यभागात दिसतच नाही, कारण 1867 ते 1871 या काळात ती वरून बांधून काढली आणि तिच्यावर रुंद रस्ते झाले. तिचे विरजण मात्र शहराच्या हवेत टिकून आहे.

मी त्या परातीच्या काठाशी उभी असताना मला आजीच्या घरातला आंबोळीच्या पिठाचा डबा आठवत होता. त्या पिठालाही कुणी यीस्ट घालत नाही. तांदूळ आणि उडीद भिजवून वाटायचे, उबेला ठेवायचे आणि सकाळी झाकण काढून वास घ्यायचा. आपल्या भाषेत आंबणे आणि आंबट ही एकाच घरातली माणसे आहेत, त्यामुळे आंबलेले पेय आंबट लागले तर त्यात बिघडले काय, असे मला मनापासून वाटते. फरक ऋतूचा आहे. आपण पीठ उबेला ठेवतो, आणि लॅम्बिकला थंड रात्री लागतात. उन्हाळ्यात हवेतले नको असलेले जीव वाढतात, म्हणून साधारण ऑक्टोबरअखेरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच ती करतात. आम्ही मे महिन्यात गेलो होतो, त्यामुळे परात कोरडी होती. थंड रात्री कमी होत चालल्यामुळे हा हंगाम आखडतो आहे, आणि मला त्याची खरोखर काळजी वाटली, कारण यंत्राने थंड केलेल्या बंद टाकीत हे विरजण पडणार नाही. पिंपांच्या दालनात कोळिष्टके तशीच ठेवलेली होती; फळे आणि गोड रसाकडे येणाऱ्या माश्यांचा बंदोबस्त कोळीच करतात, म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही.

तर तळघरात तिसरी बाटली उघडली ती ग्यूझची होती. एक, दोन आणि तीन वर्षे पिंपात राहिलेली लॅम्बिक एकत्र करून बाटलीत भरतात, आणि कोवळ्या लॅम्बिकमध्ये उरलेल्या साखरेवर बाटलीतच पुन्हा आंबणे होऊन बुडबुडे तयार होतात, म्हणून तिला शॅम्पेनसारखे बूच असते. बूच निघाल्याचा आवाज कमानींखाली घुमला. वास आधी हिरव्या सफरचंदाचा आला, मग लिंबाच्या सालीचा आणि त्यामागून पावसात भिजलेल्या कडब्याचा. पहिल्या घोटाला टेबलावरच्या बहुतेकांचे चेहरे आक्रसले. जिभेच्या दोन्ही कडांना धरणारा, कैरीच्या पहिल्या चाव्यासारखा तो आंबटपणा होता आणि त्यात गोडीचा मागमूस नव्हता.

मग बाईंनी बशा पुढे सरकवल्या. जाड सालीच्या तपकिरी पावाचा तुकडा, त्यावर बोटभर जाडीचा प्लाटेकास, त्यावर लाल मुळ्याच्या पातळ चकत्या, कांद्याची चिरलेली पात आणि मिरपूड. प्लाटेकास म्हणजे ताजे, न मुरवलेले पांढरे चीज, आपल्या चक्क्याच्या जवळचे पण त्याहून सौम्य. लॅम्बिकच्या मुलखातल्या खानावळींत हा पाव ग्यूझबरोबर पूर्वापार चालत आलेला आहे. त्यात काही खास किंवा महागडे नाही. मी घास घेतला. मुळ्याचा तिखटपणा नाकात चढला, चीजने तो लगेच झाकला, आणि त्यावर घेतलेल्या दुसऱ्या घोटात आंबटपणाची धार गेलेली होती. तिच्या जागी गव्हाची गोडसर, खमंग चव वर आली, जी पहिल्या घोटात मला जाणवलीसुद्धा नव्हती. ग्लासात तीच बिअर होती. मी पुन्हा नुसता घोट घेऊन पाहिला, आंबट. पुन्हा घासाबरोबर, गव्हाची. तीन वेळा करून पाहिले आणि तिन्ही वेळा तसेच झाले. समोर बसलेल्या वयस्कर पोर्तुगीज जोडप्यातल्या बाईंनी पहिल्या घोटानंतर ग्लास दूर सारला होता; त्यांनीही घासानंतर तो जवळ ओढला आणि संपवला. दिवसभरात पाहिलेल्या सगळ्या गोष्टींपैकी हा क्षण माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा होता.

चौथी बिअर रोडेनबाख, पश्चिम फ्लँडर्समधल्या रुसेलारे गावची, तांबूस तपकिरी, ओकच्या उंच पिंपांत मुरलेली, ग्यूझइतकी नाही पण चिंचेच्या कोळाची आठवण देणारी. बाकीच्यांना तिच्याबरोबर स्टोफव्लेस मिळाले, म्हणजे तपकिरी बिअरमध्ये मंद आचेवर शिजवलेला गोमांसाचा रस्सा, ज्यात मोहरीची चटणी फासलेला पाव विरघळवून दाटपणा आणतात. माझ्यासाठी त्याच पद्धतीने अळंबी शिजवली होती. परतून तपकिरी केलेला कांदा, मोहरी आणि बिअरचा आंबटगोडपणा यांनी रस्सा इतका भरीव झाला होता, की मांसाची उणीव भासली नाही. सोबतचे बटाट्याचे फ्राइज, बेल्जियमच्या रीतीप्रमाणे, दोनदा तळलेले.

शेवटी रोशफोर 10, काळपट, साडेअकरा टक्क्यांच्या आसपासची, आणि कडू चॉकलेटचा एक चौकोन. बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो, त्यामुळे बाईंनी हात न हलवता सावकाश ओतले आणि शेवटचा बोटभर भाग बाटलीतच ठेवला. अंजीर, मनुका, भाजलेली साखर असे वास लोक सांगत होते. मला काकवीचा आला. ही बिअर मी निम्मी ठेवली. पाच ग्लासांत मिळून एकूण बिअर फार नव्हती, तरी एवढी कडक बिअर उपाशीपोटी किंवा घाईने घेण्याची वस्तू नाही, आणि तसे बाईंनी दोनदा बजावलेही.

परतताना मी ग्यूझच्या दोन बाटल्या घेतल्या, साडेसातशे मिलिलिटरच्या. भारतात येताना दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते, त्यात त्या बसल्या. साड्यांत गुंडाळून त्या पुण्यापर्यंत सुखरूप आल्या. मागच्या रविवारी त्यांतली एक उघडली, तेव्हा पाव मुद्दामच आणला नाही. ज्वारीची भाकरी केली, घरचा चक्का पसरला, पांढरा मुळा किसण्याऐवजी पातळ चिरला, कांद्याची पात आणि मिरपूड घातली. भाकरीची गोडी ग्यूझला तपकिरी पावापेक्षाही मानवली. चक्का मात्र चुकला. तो स्वतःच आंबट असल्याने घोटाची धार कमी होण्याऐवजी दोन्ही आंबटपणा एकमेकांवर चढले. मग अर्ध्या भाकरीवर चक्क्याच्या जागी साय पसरली आणि गव्हाची ती चव पुन्हा वर आली. भाच्याला त्याच वेळी फोन केला. तो म्हणाला, "मावशी, दुसरी बाटली मी डिसेंबरमध्ये येईपर्यंत उघडू नकोस." ती आता स्वयंपाकघरातल्या खालच्या फडताळात, अंधारात, आडवी ठेवली आहे.