आमची वाटचाल : क्रिकेटचे आकडे आणि दोन पुणे

कोल्हापुरात राजारामपुरीत जिन्याखालच्या खोलीत सॉफ्टवेअरची फर्म सुरू केली तेव्हा काम काय, तर कुणाच्या ट्रॅव्हल्सची वेबसाईट, कुणाच्या गुळाच्या पेढीचं बिलिंग. त्यात सांगण्यासारखं काही नाही. क्रिकेटचं ॲप झालं ते सरांमुळे. सर क्रिकेटची ॲकॅडमी चालवतात आणि भाऊसाहेब निंबाळकरांचे कट्टर भक्त. १९४८ ला पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३, ब्रॅडमनचा ४५२ चा रेकॉर्ड हाताशी आलेला आणि समोरच्यांनी मॅचच सोडून दिली, हे प्रत्येक नव्या पोराला ऐकवल्याशिवाय ते नेटमध्ये सोडत नाहीत. तर सर म्हणाले, "पोरांना आकडे स्वतः चाळता आले पाहिजेत, एक्सेल न येणाऱ्यालाही जमेल असं कायतरी करून द्या."

कोड पायथनमध्ये, टेबलं हाताळायला पांडाज, स्क्रीन बनवायला स्ट्रीमलिट, आणि डेटा क्रिकशीट या साइटचा, बॉल बाय बॉल म्हणजे दर चेंडूला एक ओळ, तोही फुकट. डावीकडे सीझन, टीम, खेळाडू निवडा, उजवीकडे टेबल आणि चार्ट. एवढं कुणीही एका बैठकीत उभं करेल.

खरी हमाली पुढे आहे. आयपीएलचा २००८ चा सीझन फाइलमध्ये २००७/०८ म्हणून येतो, २०१० चा २००९/१०, आणि ते तसंच ड्रॉपडाऊनमध्ये, म्हणजे निवडायच्या लिस्टमध्ये, दिसलं की पोरं विचारणारच, हे काय? आपल्या पुण्याची तर गंमतच. २०१६ ला रायझिंग पुणे सुपरजायंट्स, २०१७ ला शेवटचा एस काढून सुपरजायंट, म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने दोन वेगळ्या टीम! कुठलं नाव कुठल्या टीमचं, ही मॅपिंगची फाइल आम्ही हाताने बनवली आणि लिस्टमध्ये नाव ठेवलं 'पुणे (दोन्ही मिळून)'. दिल्ली डेअरडेव्हिल्स-कॅपिटल्स, किंग्ज इलेव्हन-पंजाब किंग्ज तसंच जोडलं. पुणे वॉरियर्स वेगळे, त्यांना हात लावायचा नाही.

आणि वाइड! बॅटरच्या नावापुढच्या ओळी मोजल्या म्हणजे त्याने खेळलेले चेंडू झाले असं नसतं, वाइड वगळायचा, नोबॉल धरायचा. नाहीतर चांगल्या बॅटरचा स्ट्राइक रेट उगाच खाली येतो. रनआऊट बोलरच्या खात्यात टाकायचा नाही, बाय-लेगबायचे, म्हणजे बॅटला न लागता निघालेले रनही त्याच्या माथी मारायचे नाहीत. सर पहिले काही दिवस वही घेऊन शेजारी बसायचे आणि एकेक इनिंग हाताने ताडून बघायचे.

मग ते दुसरे ॲपवाले आले. नाव घेत नाही. डेमो बघायला म्हणून आले, चहा घेतला, फोटो काढले, आणि पुढच्या सीझनला निम्म्या दरात तसंच ॲप घेऊन आमच्याच गिऱ्हाइकांच्या दारात! दोन मोठ्या शाळा गेल्या, पार्टनरने नोकरी धरली, खोलीचं भाडं थकलं, बायकोच्या पगारावर घर चाललं. एकदा त्यांचं ॲप उघडलं, तर टीमच्या लिस्टमध्ये 'पुणे (दोन्ही मिळून)', कंसासकट! पण वाइडचं काही घेतलं नव्हतं कारण ते फोटोत दिसत नाही. स्ट्राइक रेट सगळे गंडलेले. तरी पेपरात फोटो त्यांचाच आला, 'कोल्हापूरच्या तरुणांचा अभिनव प्रयोग' म्हणून. असू दे.

सर मात्र हलले नाहीत. निम्म्या दराचं कोटेशन आमच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "ह्यांना बायचा हिशोब इचारला, तर बाय कोण म्हणाले." वर पुढच्या वर्षाचा चेक ॲडव्हान्समध्ये दिला. पुढची वर्षं बरी गेली.

असलं ॲप करू बघणाऱ्या नवीन पोरांना सांगतो, विचारलं नसलं तरी. ड्रॉपडाऊन बदलला की स्ट्रीमलिट अख्खी स्क्रिप्ट पुन्हा चालवतं, आयपीएलचेच अडीच लाखाच्या वर चेंडू आहेत, तेव्हा डेटा कॅशे करा, म्हणजे एकदाच वाचून जपून ठेवा. दुसऱ्यांच्या साइटवरून आकडे खरवडत (स्क्रेप करत) बसू नका, त्यांनी टेबल बदललं की तुम्ही रस्त्यावर. कॉलमची नावं मराठीत द्या. आणि डेमोच्या आधी ॲडव्हान्स घ्या.

आता सरांनी ॲकॅडमीच्या जुन्या स्कोरबुकांचे गठ्ठे आणून टाकलेत. पेन्सिलने लिहिलेले, अर्धे पुसट. टायपिंग येतं आणि स्कोरबुकातल्या खुणा कळतात असा माणूस हवाय, पगार बोलून ठरवू. पण बाय कोण विचारणारा नको.