कशाचं तापमान?

आमच्या विज्ञानाच्या बाई पटकन उत्तर द्यायच्या नाहीत, आधी प्रश्नच नीट करून घ्यायच्या. नववीत कुणीतरी विचारलं, ‘‘बाई, अंतराळात तापमान किती असतं?’’ बाई म्हणाल्या, ‘‘कशाचं?’’

त्यावर अख्खा तास गेला. तापमान म्हणजे कणांच्या धावपळीचं माप. जिथे कणच जवळपास नाहीत, तिथे मोजायचं काय? अवकाश स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं. तिथला वायू हजार अंशांपर्यंत तापलेला असू शकतो, पण इतका विरळ की त्याचा चटका बसत नाही. त्याच स्थानकाचा पत्रा उन्हात १२० अंशांपर्यंत तापतो आणि सावलीत उणे १५० पर्यंत उतरतो. ताऱ्यांपासून कितीही दूर गेलं तरी विश्वाच्या बालपणातलं प्रारण (लहरींच्या रूपातली ऊर्जा) असतंच; त्याचं तापमान उणे २७० अंश. पेन्झियास आणि विल्सन या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांच्या अँटेनात १९६४ साली जी खरखर हटत नव्हती, ती हीच. तिन्ही आकडे खरे! मग बाईंनी फळ्यावर थर्मास काढला. निर्वातातून उष्णता फक्त प्रारणाने जाते, म्हणून अंतराळात उघडी पडलेली वस्तू क्षणात गोठत नाही.

आज मी जनुकीय माहितीच्या विश्लेषणाचं काम करतो आणि बाईंची ती सवय रोज उपयोगी पडते. माणसाच्या जीनोममध्ये, म्हणजे पेशीतल्या संपूर्ण डीएनएमध्ये, सुमारे ३०० कोटी रासायनिक ‘अक्षरं’ असतात. यंत्रं ती बहुधा दीडशे-दीडशे अक्षरांच्या तुकड्यांत वाचतात, एकेक जागा तीसेक वेळा, आणि संगणक ते तुकडे जागच्या जागी लावतो. हे आता सरावाचं झालंय. खरी कसोटी पुढे असते.

लोक विचारतात, ‘‘मधुमेहाचं जनुक सापडलं का?’’ आम्ही आजारी आणि निरोगी माणसांच्या जीनोममधल्या १० लाख जागा ताडून पाहतो. वीसात एक चूक चालेल म्हटलं, तर निव्वळ योगायोगाने ५० हजार जागा ‘सापडतात’. म्हणून कसोटी २ कोटींत १ इतकी कडक ठेवतात. तेवढ्यानेही भागत नाही. आजारी एका वंशगटातले आणि निरोगी दुसऱ्या गटातले असतील, तर दिसणारा फरक आजाराचा नसून पूर्वजांचा असतो. त्यामुळे आकडे उघडण्याआधी मी नमुने कुणाचे आहेत ते बघतो. हे मला महाविद्यालयात नाही, इथे शाळेत, बाईंच्या त्या तासाला शिकायला मिळालं.

त्या तासाचा एक प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, मग त्याच्या बाहेरचा प्रभामंडल १० लाख अंशांच्या वर कसा? आताच्या नववीतलं कुणी त्यामागे लागलं, तर मला जरूर कळवा.