ग्रंथालयाच्या छतावरची बाग

आजची दुपार वॉर्सा विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या छतावर घालवली, आणि पुस्तकांच्या डोक्यावर झाडे वाढवण्याची कल्पना प्रत्यक्षात किती विचारपूर्वक उतरवता येते, हे तिथे पायी हिंडतानाच उमगले. विस्तुला नदीजवळच्या पोविश्ले भागातील ही इमारत मारेक बुजिन्स्की आणि झ्बिग्न्येव बादोव्स्की या वास्तुरचनाकारांची. ती वाचकांसाठी १९९९ च्या डिसेंबरमध्ये खुली झाली. बाग मात्र १२ जून २००२ रोजी, म्हणजे सुमारे अडीच वर्षांनी लोकांना पाहायला मिळाली. तिची आखणी इरेना बायेर्स्का यांनी केली.

एक हेक्टरहून मोठ्या या बागेचे दोन भाग आहेत. खालच्या आणि वरच्या भागांना जोडणारे पाणी पायऱ्यापायऱ्यांनी उतरत येते, आणि वर सोनेरी, रुपेरी, किरमिजी व हिरवा असे रंगांनुसार आखलेले कोपरे आहेत. मला रुपेरी कोपरा सर्वांत आवडला. किरमिजी थोडा भडक वाटला, पण तो माझ्या डोळ्यांचा दोष असेल. काचेच्या छतातून खाली डोकावले तर वाचनात गढलेली माणसे दिसतात, आणि मान वर केली की नदी व तिच्यावरचा पूल.

परतताना दोब्रा रस्त्याकडील दर्शनी भिंतीसमोर बराच वेळ थांबलो. तिथल्या भव्य फलकांवर ग्रीक, अरबी, हिब्रू मजकुराबरोबर संस्कृतही आहे, आणि घरापासून इतक्या दूर ते पाहून मी नकळत पुटपुटत वाचू लागलो.