28व्या दिवसाचं पाणी

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. घाटंजी तालुक्यातल्या एका गावातून फोन आला : "साहेब, पिल्लाइले मानमोडी लागली." कोंबडीच्या 100 एकदिवसीय पिल्लांच्या योजनेतली तुकडी, वय 43 दिवस. 91 जगली होती, त्यातली 19 तीन दिवसांत गेली.

खुराड्याबाहेरूनच दिसत होतं. हिरवट पातळ विष्ठा, चोच उघडी टाकून चाललेला श्वास, दोघांच्या माना पाठीकडे पिळलेल्या. मानमोडी म्हणजे राणीखेत, कोंबड्यांचा विषाणूचा रोग, असं म्हणून मोकळं होता येतं. पण एवढी मरतूक असली की आधी बर्ड फ्लूचा संशय फेडावा लागतो. 2006 मध्ये नवापूरला कोंबड्या मारून पुरल्या, तेव्हापासून मरतूक लपवायची सवय लागली आहे. इथं फोन आला हेच पुष्कळ. पक्षी गावात फाडला नाही. ताजे मेलेले दोन दुहेरी पिशवीत, बर्फात घालून प्रयोगशाळेकडे पाठवले. अहवाल नंतर आला : बर्ड फ्लू नाही, राणीखेत. जठराच्या ग्रंथींवर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके.

रोग आला कुठून, ते लगेच कळलं. पोळ्याच्या करीसाठी आठवडी बाजारातून दोन गावठी कोंबड्या आणल्या होत्या. एक शिजली, दुसरी याच खुराड्यात राहिली. कोडं वेगळंच होतं. राणीखेतची लस, लासोटा, दोनदा दिलेली : 7व्या दिवशी डोळ्यात थेंब, आमच्याच माणसाने, 28व्या दिवशी पाण्यातून, पिल्लं पाळणाऱ्या बाईंनी स्वतः. रिकामी कुपी त्यांनी फळीवर जपून ठेवली होती. मुदत शिल्लक. तालुक्याहून लस थर्मासात, बर्फावर आलेली. चूक सापडेना.

शेवटी पाण्याचं विचारलं.

"म्या तं चांगलं, पावडर टाकलेलं पाणी देल्लं होतं."

पावसाळ्यात विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, पडते. माणसांसाठी ते योग्यच. पण लासोटा ही जिवंत विषाणूची लस. क्लोरीन तिला पाण्यातच मारतं. पहिल्या मात्रेचा जोर ओसरत आलेला, दुसरी वाया गेलेली, आणि नेमकी तेव्हाच बाजारातली कोंबडी घरात.

बाईंना दोष देता येत नाही. प्रशिक्षणाला त्या आल्या होत्या, आम्ही 'स्वच्छ पाणी' म्हटलं होतं, त्यांनी स्वच्छ पाणी दिलं. आमच्या तक्त्यात त्या दिवसापुढे दोनच शब्द आहेत : लासोटा, पाण्यातून. खेड्यातलं कुक्कुटपालनाचं शिक्षण पहिल्यापासून जातीभोवतीच फिरलं. साठच्या दशकात पोषण आहाराच्या कार्यक्रमातून गावोगाव पक्षी दिले गेले. गावठी कोंबडा काढा, व्हाइट लेगहॉर्न किंवा ऱ्होड आयलंड रेड सोडा, हा तेव्हाचा धडा. मग भुशाच्या गादीवर पक्षी पाळायची गादी पद्धत आली, मग गिरिराज, वनराज या सुधारित जाती. जातीचे गुण आम्ही तासभर सांगतो आणि लसीचा तक्ता जेवणाच्या सुट्टीआधी पाच मिनिटांत उरकतो.

त्या दिवशी ओट्यावरच पुन्हा शिकवलं. पाणी हापशीचं, पावडर न पडलेलं. भांडं प्लास्टिकचं, साबण न लावता घासलेलं. साबणाचा अंशही लस मारतो. लिटरला 5 ग्रॅम बिनसायीच्या दुधाची पावडर घालून पंधरा मिनिटं थांबायचं, उरलंसुरलं क्लोरीन ती बांधून ठेवते. मोजमाप सोपं : वय जितके दिवस, तितके लिटर हजार पक्ष्यांना. म्हणजे 28व्या दिवशी 91 पिल्लांना अडीच लिटर. बाईंनी बादलीभर पाण्यात कुपी ओतली होती, म्हणजे क्लोरीन नसतं तरी निम्मी लस संध्याकाळपर्यंत बादलीतच मेली असती. पहाटे दोन तास पाणी तोडायचं, कुपीचं बूच पाण्याखाली उघडायचं, आणि सगळं पाणी दोन तासांच्या आत संपलं पाहिजे. भांडी दोन-तीन ठेवायची, नाहीतर दांडगी पिल्लं पितात आणि बारकी कोरडीच राहतात.

आजारी पिल्लांना औषध नाही. मेलेली चुना टाकून खोल पुरली. शेजारच्या चार घरांतल्या धडधाकट कोंबड्यांना डोळ्यात थेंब दिले. आधी ती घरं उरकली, या खुराड्यात सगळ्यात शेवटी शिरलो, कारण बुटांवरूनच रोग पुढच्या घरी जातो. बाजारातली ती कोंबडी अजून उभी होती, जरा सुस्त, पिसं फुगवून. तिला टोपलीखाली वेगळं काढलं.

निघताना बाईंनी विचारलं, "फवारणीच्या डब्यातलं पाणी चालन का? धुतला हाये." आम्ही तक्ता मागितला आणि पेनाने त्यावर आणखी एक ओळ लिहिली.