तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या हाताखाली किती माणसं?

गावात कुणाच्या ओसरीवर टेकलं की चहाच्या आधी प्रश्न येतो, "बाई, तुह्या हाताखाली किती मानसं हायत?" विचारणारे बहुतेक मामाजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, मित्र. अमरावती-यवतमाळच्या कॉलेजांतली पोरं-पोरी फोनवर तेच जरा सोज्वळ करून विचारतात, "मॅडम, टीम साइज काय तुमची?" दोघांनाही आकडा हवा असतो. आकडा आहे आठ. तो ऐकून विचारणाऱ्याचं समाधान होतं, पण माझ्या कामाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. तेव्हा सविस्तर सांगते.

मी टेक लीड आहे. दारव्हा तालुक्यातल्या सासरच्या गावातून काम करते. टीम पुणे, नागपूर आणि इंदूरमध्ये विखुरलेली. आम्ही दवाखान्यांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो. आठ जणांच्या रजा आणि पगारवाढ मॅनेजर बघतो, माझा त्यात संबंध नाही. काय कसं बांधायचं, कुठला धोका पत्करायचा, कोण कुठे अडलंय आणि त्याला कोण सोडवू शकेल, हे माझ्याकडे. म्हणजे खरं तर हाताखाली कुणीच नाही.

आता लाइनचं, म्हणजे विजेचं, सांगते, कारण माझं सगळं काम तिच्यामुळे असं झालंय. गावठाणाची लाइन शेतीच्या फीडरपेक्षा बरी, पण मृगाचं वारं सुटलं की तीही जाते. डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाली तर परत कधी येईल हे लाइनमनलाही सांगता येत नाही. इन्व्हर्टर आहे, पण लाइन फारच वेळ गेली तर मोबाइल टॉवरची बॅटरीही बसते, मग चार्ज केलेला लॅपटॉप नुसता शोभेला. पुण्यातले लोक यावर हळहळतात. मला मात्र वाटतं, शहरात चोवीस तास ऑनलाइन राहिले असते तर प्रत्येक निर्णय माझ्या तोंडून ऐकायची टीमला सवय लागली असती. इथे ती परवडत नाही. मी कुठल्याही क्षणी गायब होऊ शकते हे गृहीत धरूनच काम लावावं लागतं.

त्यासाठी पहिली गोष्ट, निर्णय लिहून ठेवणं. मायकेल नायगार्ड या सॉफ्टवेअर इंजिनिअरने २०११ मध्ये याची एक साधी रीत मांडली: परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे बरेवाईट परिणाम काय, एवढंच पान-दोन पानांत लिहायचं आणि ते कोडच्या शेजारीच ठेवायचं. आमच्याकडचं एक पान बिलाच्या रकमांबद्दल आहे. रक्कम रुपयांत दशांश चिन्ह देऊन न ठेवता पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवायची, असं आम्ही ठरवलंय. कारण ०.१ आणि ०.२ ची बेरीज बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषा ०.३०००००००००००००००४ अशी दाखवतात, ०.१ हा आकडा संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत नेमका बसतच नाही. दवाखान्याच्या हिशोबात असे बारीक फरक साठत गेले की महिन्याअखेर ताळा जुळत नाही आणि अकाउंटंट आमच्या नावाने बोटं मोडतो. टीममध्ये नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो, "हे पैशांत का ठेवलंय?" त्याला ते पान मिळतं. वाचून पटलं नाही तर तो वाद घालतो, आणि त्याचा मुद्दा बरोबर असेल तर नवं पान लिहिलं जातं. जुनं पान पुसायचं नाही, ते का बदललं हे पुढच्याला कळायला हवं.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. काहीतरी कोसळल्यावर लीड पहिला प्रश्न कोणता विचारतो, त्यावर पुढची कित्येक वर्षं टीम खरं सांगणार की लपवणार हे ठरतं. मी नव्या मुलांना गिटलॅबची, म्हणजे कोड साठवायची ऑनलाइन सोय देणाऱ्या कंपनीची, हकिगत सांगते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांचा एक इंजिनिअर डेटाबेसची एक अडचण सोडवत होता. आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत असं समजून त्याने डेटा पुसायची कमांड दिली, ती मुख्य सर्व्हरवर चालली. सेकंद-दोन सेकंदांत त्याने थांबवली, तोवर तीनेकशे जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअप बघावेत तर रोजची फाइलच तयार होत नव्हती, आणि ती होत नाही हे कळवणारे ईमेल कुणाला पोचत नव्हते. वाचवलं एका स्नॅपशॉटने, म्हणजे डेटाच्या जशाच्या तशा घेतलेल्या नकलेने. तो सहा तास आधी, वेगळ्याच कामासाठी, त्याच इंजिनिअरने घेतला होता! सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. पण कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि नंतरच्या अहवालात त्या माणसाचं नाव न लिहिता 'टीम मेंबर १' एवढंच लिहिलं.

हे ऐकून एखादा हमखास म्हणतो, "पण चूक तर त्याचीच होती ना?" असेल. पण त्याला काढून टाकलं असतं तरी बॅकअप बंदच राहिले असते. आमच्याकडे रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, फसलं की आधी रोलबॅक (जुनी आवृत्ती परत लावणं), मग जेवण, मग बैठक. बैठकीत 'कुणी केलं' हा प्रश्न कुणी विचारायचा नाही. 'हे करणं इतकं सोपं कसं होतं?' हा विचारायचा. (जेवणाचं मी मुद्दाम घातलंय. उपाशी माणूस दुसऱ्याचं नाव घ्यायला फार उतावीळ असतो.)

मागे एक काम लांबलं होतं तेव्हा मामाजींचे एक मित्र मनापासून म्हणाले, "मंग दोन-चार मानसं वाढवून घ्या ना!" त्यांचं चूक नाही. निंदणाला उशीर झाला तर चार बाया जास्त लावल्या की वावर लवकर उरकतं, कारण प्रत्येकीची पात वेगळी आणि तण सगळ्यांना दिसतं. आमच्या कामात नव्या माणसाला तणच ओळखू येत नाही. ते दाखवायला जुन्याला हातातलं सोडावं लागतं, शिवाय एकाने केलेलं दुसऱ्याच्या आड येतं. आयबीएममध्ये मोठी ऑपरेटिंग सिस्टिम बनवून घेतलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय, की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली तर त्याला आणखी उशीर होतो. एकमेकांशी बोलून जुळवून घ्यावं लागणाऱ्या जोड्या पाच जणांत दहा होतात, दहा जणांत पंचेचाळीस. म्हणून काम लांबलं की मी माणसं मागत नाही, मागणीतलं काय गाळता येईल ते विचारते. ग्राहकापुढे हे बोलणं कोडपेक्षा अवघड असतं.

कोड अजून लिहिते का? हो, पण ज्याच्यावाचून कुणाचं अडेल असं काही स्वतःकडे घेत नाही. टेस्ट, छोटी अवजारं, कुणालाच नको असलेले बग, एवढंच.

टीममधल्या शांत मुलांबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण त्यातली बरीच आपल्याकडचीच असतात. एक मुलगी पुसदकडची. दुसऱ्यांचा कोड तपासून ती लिहिते ते रिव्ह्यू वाचले तर टीममधली सगळ्यात धारदार नजर तिची, पण इंग्रजी कॉलवर महिनोन्महिने गप्प. "बोल ना, लाजू नको" हा सल्ला तिला शाळेपासून मिळत आलाय आणि त्याचा उपयोग शून्य. मी बैठकीचीच रीत बदलली. विषय आदल्या दिवशी लेखी पाठवायचा, पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून वाचायचं आणि शेरे तिथेच लिहायचे, चर्चा त्या शेऱ्यांवरच. मराठीत लिहिलं तरी चालतं, हिंदीत लिहिलं तरी चालतं. त्यानंतर पेमेंट मॉड्यूलचं डिझाइन जवळजवळ तिच्या शेऱ्यांवरच उभं राहिलं. जे मोठ्या आवाजात बोलून बैठक जिंकायचे त्यांना हे अजूनही आवडत नाही.

लीड व्हायला काय शिकायचं, असं पोरं विचारतात तेव्हा मी कोर्स सांगत नाही. फक्त तुम्हालाच येतं असं एक काम निवडा. ते पायरी-पायरीने लिहा, टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाला ते वाचून करायला सांगा आणि शेजारी बसा, पण कीबोर्डला हात लावू नका. तो तिसऱ्या-चौथ्या पायरीला अडेल. तेव्हा त्याला उत्तर देऊ नका, ती पायरी नीट लिहा आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून करायला लावा.